गोफण नव्हे, गोल्फ

वडसा, १० जुलै १९८३

श्रीहरी, जयभीम.

नाटक सोडलेलं नाही, तरी लिहितो आहे. नागपूर स्टेशनावर गाडी सुटताना तू म्हणाला होतास, "भाऊ, तोंड रंगवनं सोडशीन त्या दिवशी मले पत्र टाक. त्याच्या आंधी नको टाकू." पाच वर्षं झाली त्याला. तू तिकडे अमेरिकेत, मी इथे वडस्यात, आणि दोघेही सख्खे भाऊ शोभतील एवढे हट्टी. मी तोंडही रंगवत राहिलो आणि पत्रही टाकलं नाही, म्हणजे एका अर्थी तुझा शब्दच पाळला. आता मात्र अडलं आहे. मला जे विचारायचं आहे ते सांगेल असा माणूस आपल्या नव्या गडचिरोली जिल्ह्यात मला तरी सापडला नाही. तेव्हा राग थोडा वेळ बाजूला ठेव आणि कामाचं ऐक.

दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरेल, त्यासाठी आमची मंडळी नवं नाटक बसवते आहे, 'राष्ट्राध्यक्ष आला धानात'. लिहिलं आहे गुलाम रसूलनं. तोच, आपल्या नाटकांचे पडदे रंगवणारा. तो रेडिओ लावून पडदे रंगवतो, आणि बातम्या ऐकता ऐकता त्याच्या डोक्यात शिरलं की अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जगाच्या कटकटी टाकून खेळायला जातो. गोष्ट अशी की, राष्ट्राध्यक्षानं भिरकावलेला पांढरा गोटा समुद्र ओलांडून थेट आरमोरीजवळ सोमारी नावाच्या विधवेच्या धानात येऊन पडतो. सोमारी तो कसलं तरी अंडं समजून कोंबडीखाली ठेवते. मग राष्ट्राध्यक्ष गोटा शोधत येतो, आणि कोंबडी उठायला तयार नसते. राष्ट्राध्यक्ष मी आहे.

आता अडचण सांगतो. नाटकाच्या प्रतीत लिहिलं आहे, 'राष्ट्राध्यक्ष गोफ खेळत येतो.' गोफ म्हणजे दोऱ्या धरून फेर धरायचा आणि नाचता नाचता वेणी विणत जायची, तो. पण एकटा माणूस गोफ कसा विणणार? गुलाम रसूल उर्दू शाळेत शिकलेला, त्याच्या मराठीत एखादं अक्षर राहून जातंच. मी ओळखलं की शेवटचा 'ण' राहिला आहे. गोफण! धानावरची पाखरं हाकलायची गोफण. मग सगळं जुळलं, गोटा एवढ्या दूर कसा गेला तेही. खात्री करून घ्यावी तर गुलाम रसूल आपल्या लेकीकडे, जमीलाकडे, सिरोंच्याला गेला आणि पुरानं रस्ता बंद झाला.

तर मला सांग. तिकडची गोफण सुतळीची असते की चामड्याची? राष्ट्राध्यक्ष मचाणावर उभा राहून फिरवतो की बांधावरून? पाखरं कोणती? एवढ्या मोठ्या माणसाला स्वतः राखण का करावी लागते हे मला मुळीच कळत नाही, पण त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर वाढला हे खरं. मी रोज सकाळी गोफण फिरवून पाहतो आहे. परवा घरचीच दोन कौलं गेली, तेव्हापासून माय माझ्याशी बोलत नाही.

तेवढं सोडलं तर तिची तब्येत ठीक आहे. उत्तर दे. नाहीतर मी चुकीचा राष्ट्राध्यक्ष उभा करीन आणि हसं तुझ्या देशाचं होईल.

देवराव


वडसा, २१ ऑगस्ट १९८३

श्रीहरी, जयभीम.

कार्ड मिळालं. पाच वर्षांनी भावाला लिहिलंस, आणि लिहिलंस काय, तर 'गोफण नव्हे. गोल्फ.' खाली सहीसुद्धा नाही. पण अक्षर तुझं आहे. अर्धा ल कसा ठसठशीत काढला आहेस. दिवसभर ते कार्ड सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही दाखवलं.

गुलाम रसूल परत आला आहे. त्याला कार्ड दाखवलं तर त्यानं कपाळावर हात मारला. म्हणाला, "भाऊ, आधा ल लिवला होता ना मी. तुले दिसला नाई काय?" मग आम्ही दोघांनी प्रत उजेडात धरून पाहिली. होता बिचारा, 'फ'च्या पोटाशी दबून बसलेला. गोफणीचं ऐकून तो एवढा हसला की रंगाचा डबा सांडला आणि पडद्यावरच्या राजवाड्याला हिरवा चिखल लागला. तो आता तसाच ठेवणार आहे. धानाचं शेत म्हणून खपेल म्हणतो.

तुला आठवतं का, मी चुलीपुढे बसून नाटकाचं पाठांतर करायचो आणि तू गोधडीतून डोकं काढून माझे उच्चार दुरुस्त करायचास. तेव्हा तू मराठी दुसरीत होतास. "भाऊ, 'सिंहासन' म्हन, 'शिव्हासन' नको म्हनू." मला राग यायचा, पण म्हणायचो नीट. चूक ऐकली की तुला झोप येत नसे.

असो. गोल्फ म्हणजे काठीनं चेंडू मारून लांबच्या खड्ड्यात घालायचा, एवढं गुलाम रसूलला रेडिओवरून कळलं आहे. म्हणजे गोट्या खेळताना आपण गल करायचो तशीच गल, फक्त गावाबाहेर. काठी मी तयार केली. जंगलातून बांबू मुळासकट खणून आणला, त्याचं बूड आपोआप वाकडं आणि गाठाळ निघतं. दिसायला झकास आहे. आता ज्याचे टोले सगळ्यात जास्त भरतात तो जिंकला, हे तर उघडच आहे. राष्ट्राध्यक्षाच्या जवळपास कोणी येत नसेल. म्हणून मी दणादण टोले मारतच स्टेजवर येतो. शिवाय जॉर्ज वॉशिंग्टनपासून एकूण एक राष्ट्राध्यक्ष हाच खेळ खेळत आले, असंही मी मंडळीत सांगून टाकलं आहे. काही चुकत असेल तर कळव. चुकत नसेल तर लिहिण्याची तसदी घेऊ नकोस.

देवराव


वडसा, २ ऑक्टोबर १९८३

श्रीहरी, जयभीम.

काय हे लिहिणं! निळ्या कागदाच्या सगळ्या घड्या भरून, कडेला आडवंसुद्धा. कार्डापेक्षा राग बराच वाढलेला दिसतो. असाच वाढू दे.

जो कमीत कमी टोल्यांत आटोपतो तो जिंकतो, हे मी वाचून दाखवलं तेव्हा तालीमच थांबली. मी दणादण मारणं बंद केलं. आता एकच टोला मारतो, पण त्याआधी चेंडूकडे पाहत नुसता उभा राहतो. काठी हलवतो, थांबतो, पुन्हा पाय नीट करतो. तिकडे तसंच करतात असं तू लिहिलं आहेस ना. टोल्यापेक्षा त्या उभं राहण्यालाच मंडळीतले लोक जास्त हसतात.

तुझे राष्ट्राध्यक्ष मला फार आवडले. तो विल्सन, बर्फात चेंडू दिसावा म्हणून तो रंगवून घ्यायचा. खेळापायी चेंडू रंगवलेला चालतो, मग नाटकापायी तोंड रंगवलेलं का चालू नये, ते तूच ठरव. आयझेनहॉवरबद्दलचं वाचताना मायला बोलावून घेतलं. (कौलं बसवून झाली, आता बोलते.) त्यानं घरापुढे खेळायला हिरवळ करून घेतली, खारी ती उकरायला लागल्या, तर त्यांना पकडून दुसरीकडे सोडायची पाळी आली. माय पानाला चुना लावत होती. म्हणाली, "खारी त आंधीपासूनच तिथी असतीन. नवा त हाच आला." गुलाम रसूलनं ते वाक्य जसंच्या तसं सोमारीच्या तोंडी घातलं आहे. त्याच साहेबाच्या खिळ्यांच्या जोड्यांनी कचेरीच्या लाकडी जमिनीला भोकं पडली होती, म्हणून मीही जुन्या जोड्यांना खिळे ठोकून घेतले. पण आमचं स्टेज म्हणजे पोत्यांवर टाकलेल्या फळ्या, एका फळीत मी रुतूनच बसलो. आणि तो शेंगदाण्याची शेती करणारा कार्टर खेळाच्या वाटेला गेला नाही म्हणतोस, ते मला पटलं. शेतकऱ्याला फुरसत कुठली.

केनेडीचं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळ्यांत सुरेख खेळ त्याचा, आणि नेमका तोच लपवायचा. आधीच्याला लोक खेळावरून नावं ठेवायचे, म्हणून हा फोटो काढू द्यायचा नाही. येत असून लपवायचं, हे मला नवीन होतं. मग आठवलं की तितकंसं नवीन नाही. गेल्या साली तुझ्या कुठल्याशा मित्राचे वडील तांदूळ पाहायला वडस्याला आले होते. म्हणाले, तुम्ही श्रीहरीचे भाऊ ना, शेती करता म्हणून सांगतो तो. मी हो म्हणालो. खोटं काही नाही, पावसाळाभर करतोच. केनेडीनं स्वतःचा खेळ लपवला, तू माझा लपवलास. मला ते लागलं, श्रीहरी. बारदान्यावर बसलेल्या त्या माणसाला चहा पाजून मी निघून आलो.

आणखी एक सांगून टाकतो. मायच्या नावानं तुझी पत्रं येतात ती मीच तिला वाचून दाखवतो, दुसरं कोण आहे. त्यात माझं नाव कधीच नसतं. मग शेवटी मी आपल्या मनानं जोडतो, 'भाऊले जयभीम सांग.' माय मान हलवते आणि पान लावते. तुझी हरकत असेल तर कळव, बंद करीन.

बाकी तालीम जोरात आहे. राष्ट्राध्यक्षाच्या मागे काठ्यांची पिशवी घेऊन एक माणूस चालतो, तो अमेरिकेचा पंतप्रधान, असं मी नाटकात घालून घेतलं आहे. शोभतं.

देवराव


वडसा, १५ नोव्हेंबर १९८३

श्रीहरी, जयभीम.

पंतप्रधानावरून तू चांगलाच पेटलास. अमेरिकेत पंतप्रधान नसतो, ही शाळेतल्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट आहे, पिशवीवाल्याला कॅडी म्हणतात, आणि अडाण्यांनी अडाण्यांसाठी नाटकं करावीत पण निदान विचारून करावीत. सगळं वाचलं. विचारतोच तर आहे.

आता खरं सांगतो. पहिली गोफण खरी होती. ती माझी आणि गुलाम रसूलची अस्सल चूक. पण नुसत्या 'गोल्फ' या एका शब्दासाठी तू समुद्रापलीकडून कार्ड टाकलंस, तेव्हा मला तुझी गोधडी आठवली. ख्यालीखुशाली लिहिली असती तर तू उत्तर दिलं नसतंस. चूक लिहिली तर तुला राहवणार नाही. म्हणून जास्त टोलेवाला जिंकतो हे मी लिहिलं, वॉशिंग्टन लिहिला, पंतप्रधानही. इंदिराबाई आपल्या पंतप्रधान आहेत आणि रेगनसाहेब तुमचे राष्ट्राध्यक्ष, एवढं मलाही कळतं. आणि ते रेगनसाहेब सिनेमात नट होते हेही मला निवडणुकीपासून ठाऊक आहे. तू खारींपर्यंत सगळं लिहिलंस, तेवढं मात्र लिहिलं नाहीस. मी वाट पाहत होतो.

नागपूरच्या पेपरात त्यांची बातमी वाचली. मागच्या महिन्यात ते गोल्फ खेळत असताना एक माणूस फाटक तोडून गाडीसकट आत घुसला आणि बंदूक दाखवून लोकांना धरून बसला. म्हणाला, राष्ट्राध्यक्षाशी बोलायचं आहे. राष्ट्राध्यक्षानं खरोखर फोन केला, तर यानं तो ठेवून दिला. बंदूक घेऊन जाणं वाईटच, त्याला शिक्षा व्हावी. पण बोलायचं म्हणून एवढा आटापिटा करायचा, आणि पलीकडून आवाज आला की बोलवत नाही, हे माझ्या ओळखीचं आहे. मीही पाच वर्षांत कितीदा पोस्टाच्या खिडकीपर्यंत जाऊन परत आलो.

तुझ्या पत्राच्या शेवटी जे बारीक अक्षरात लिहिलं आहेस, त्याबद्दल आता लिहितो. तुझ्या साहेबानं तुला गोल्फ खेळायला नेलं. तू काठी फिरवलीस, काठी फिरली, चेंडू जागच्या जागी राहिला आणि सगळे हसले. तू घरी येऊन जेवला नाहीस. एवढं सगळं शिकून शेवटी चारचौघांत हसं झालं, असं लिहिलं आहेस. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं, कारण हे तू मला लिहिलंस, दुसऱ्या कोणाला नाही.

हसण्याचं मला थोडंफार कळतं. पहिल्यांदा लुगडं नेसून स्टेजवर उभा राहिलो तेव्हा ब्रह्मपुरीची पोरं असं हसली की मला पळून जावंसं वाटलं. नाटक बसवणाऱ्या गुरुजींनी पडद्याआडून सांगितलं, "पाठ नको दाखवू. उभा राय तसाच." लोक हसले की आपण घाई करतो, तिथे बिघडतं. पुढच्या वेळी तू चेंडूजवळ जाऊन खुशाल उभा राहा, त्यांना वाटेल त्याहून जास्त वेळ. काठी हलव, पाय नीट कर, त्यांच्याकडे पाहून तूच आधी हस. मग ते हसणं त्यांचं राहत नाही, तुझं होतं. चेंडू उडाला तर उडाला.

आरमोरीजवळच्या मंडईत आमचा पहिला प्रयोग झाला. सोमारीचं काम करणारी रुखमाबाई घरची कोंबडी घेऊन येते. मी कोंबडीखाली हात घालायला गेलो तर पुढच्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि मलाच रागवायला लागल्या, तिला बसू दे म्हणून. राष्ट्राध्यक्षाला धानाच्या बांधावर मुकाट्यानं बसून राहावं लागतं, अंडं फुटेपर्यंत. हे अंडं नाही असं बघणाऱ्यांपैकी कोणी सोमारीला सांगत नाही, आणि राष्ट्राध्यक्षही सांगत नाही. तिथे हसता हसता लोक गप्प होतात. का होतात ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मायच्या पत्रात तू लिहिलंस की जानेवारीत नागपूरला येतो, मायला तिथे आणून सोडा. वडस्याचं नाव काढलं नाहीस. आमचा वडस्याचा प्रयोग संक्रांतीनंतर आहे. ये. तू माझं एकही नाटक पाहिलेलं नाहीस. न पाहताच लाज वाटून घेतलीस. एकदा बसून पाहा, आणि मग वाटायची तर वाटू दे, मी काही म्हणणार नाही. यावेळी पत्रात एकही चूक घातलेली नाही. तेव्हा उत्तर द्यायचं तर आपल्या मनानंच द्यावं लागेल.

देवराव


वडसा, २८ डिसेंबर १९८३

श्रीहरी, जयभीम.

माझ्या नावानं काही आलं नाही. सबंध महिना पोस्टमन दिसला की मी काठी घेऊन अंगणात गोल्फची तालीम करत असल्यासारखं दाखवायचो, आणि तो सायकलवरून हात हलवून निघून जायचा. गुलाम रसूल म्हणाला की चूक घालायला हवी होती. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

काल मायच्या नावाचं पत्र आलं. ती उन्हात चटई टाकून बसली होती. मी नेहमीसारखा शेजारी बसून वाचायला लागलो. थंडी, बर्फ, खोकला बरा आहे, हे सगळं वाचलं. मग पुढे आलं, 'माय, नागपूरले येऊ नको. मीच वडस्याले येतो. भाऊची गोफण पाहाची आहे.'

श्रीहरी, तू गोफण लिहिलंस. मला आधी वाटलं, घाईत झालं असेल, आणि मी तोंडानं 'गोल्फ' म्हणणारही होतो. पण तू 'ण' चांगला मोठा काढला आहेस, अगदी पाटीवर काढावा तसा. 'शिव्हासन' ऐकून झोप न येणारा माणूस अशी चूक करत नाही. मी तो शब्द मायला गोफण असाच वाचून दाखवला.

येताना नागभीडला गाडी बदलायला विसरू नकोस. छोटी गाडी आहे, वेळेचा भरवसा नाही, गुलाम रसूल आणि मी स्टेशनावर येऊन बसू. रात्रीची थंडी फार असते, कांबळं घेऊन ये. पुढच्या ओळीत बसू नकोस, माझा चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही. तुमच्या फोर्डसाहेबाचेही बघणाऱ्यांना लागायचे म्हणून तूच लिहिलं होतंस. आणि लोक हसले तर तुला काय वाटेल याची मला अजून धास्ती आहे, तेही सांगून ठेवतो.

पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी मी आलो. नेहमी तिथे मला माझं वाक्य जोडावं लागतं. यावेळी ते तुझ्या अक्षरात होतं. 'भाऊले जयभीम सांग.' मला ते एका दमात वाचता आलं नाही.

माय म्हणाली, "काऊन थांबला? हे त तू दरवेळीच वाचतोस."

मी पुन्हा पहिल्यापासून ती ओळ वाचली. ती पानाला चुना लावायची थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"आज कागदात पाहून वाचलं तू," ती म्हणाली. "आजवर त छपराकडे पाहून वाचत होता."

देवराव